पदवीच्या पलीकडे

महाविद्यालयीन शिक्षणाने काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा पदवी आणि नोकरी या दोन शब्दांत संपते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेकडे पाहिले म्हणजे हे उत्तर किती तोकडे आहे, हे ध्यानात येते. कारण पदवीने जो मान मिळावा अशी अपेक्षा असते, तोच त्यांना नाकारला गेला.

एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाल्यावर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पदवीपुरते वाचून मोकळे होणे सहज शक्य होते. परंतु सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्तव्यवहार शिकत असतानाच ते जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसले, इतिहास व समाजशास्त्र अभ्यासले आणि मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या व्यवस्थेचे चटके शाळेत वेगळे बसून सोसले, तिचीच कारणमीमांसा करण्याचे बळ त्यांना या वर्गांनी दिले. शिक्षणाचे यश मोजावयाचे तर ते येथे मोजावे; गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नसतो.

पुढची हकीकत कटू आहे. शिष्यवृत्ती संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते परतले. त्यांचे ग्रंथ ज्या जहाजाने येत होते ते युद्धात बुडाले. करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्यास राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाई कागदपत्रे लांबून टाकीत. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तेथूनही जमावाने त्यांना हुसकून लावले.

दुसऱ्या कोणाचा शिक्षणावरील विश्वास येथेच उडाला असता. आंबेडकरांनी १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. एकोणतीस वर्षांचा प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला.

तेथे त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने उचलून धरलेली सुवर्ण विनिमय पद्धती त्यांनी अमान्य केली. चलनाचा पुरवठा सरकारच्या मर्जीवर सोडू नये आणि विनिमयदरापेक्षा देशातील किंमतींच्या स्थैर्यास महत्त्व द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. महागाईचा मार कोणास अधिक बसतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ब्रिटिश धोरणावरील ही टीका परीक्षकांना जाचली व प्रबंध फेरलेखनासाठी परत आला. त्यांनी भाषा बदलली, निष्कर्ष सोडले नाहीत. १९२३ मध्ये डी.एस्‌सी. मिळाली आणि त्याच वर्षी प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली आणि शिष्याशी असलेला आपला मतभेदही त्यांनी तीतच नोंदविला.