जनरल थोरात आणि कोरियातील छावणी

जनरल थोरातांची हकीकत मी घरी सांगितली, तेव्हा वडिलांनी सरळ विचारले की गोळी झाडायची नाही तर फौज नेलीच कशाला? मला तेव्हा उत्तर देता आले नाही. म्हणून पुन्हा वाचले.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर भागातील वडगावचा. सँडहर्स्टला शिकून १९२६ साली ते अधिकारी झाले. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत जपान्यांशी हातघाईने लढून त्यांनी डी. एस. ओ. मिळविला. तेव्हा गोळीला भिणारा हा माणूस नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे.

१९५३ च्या जुलैत कोरियात शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे साडेबावीस हजार चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी सांभाळण्यास भारताची सुमारे सहा हजारांची फौज गेली. मेजर जनरल थोरात तिचे प्रमुख होते. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. दक्षिण कोरियाचे सरकार इतके संतापलेले होते, की आपल्या भूमीवर भारतीय शिपायाचा पायही पडू देईना. बंदरातून जवानांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले!

खरी धास्ती तारेच्या आत होती. कैद्यांत गुप्त संघटना होत्या. परत जाऊ म्हणणाऱ्याचा रात्री त्याचेच सोबती खून करीत. २५ सप्टेंबरला चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना ओलीस धरले. थोरात मोजकी माणसे घेऊन कुंपणात शिरले, भोवती जमाव असता बोलत राहिले आणि ग्रेवालांना सोडवून आणले. कोरियातील कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळाले. त्यालाच पुढे कीर्तिचक्र म्हणू लागले.

पण दरवेळी बोलण्याने भागले नाही. १ व २ ऑक्टोबरला कैदी पहाऱ्यावर चालून आले, तेव्हा गोळीबार झाला आणि कैदी मेले. हा भाग गौरवलेखांत उरकून टाकतात, ते मला पटत नाही. त्यानंतरचा निर्णय तर अधिकच अवघड. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनी समजावून सांगावे, असे करारात होते. कैदी तंबूंतून हलेनात. बळाने ओढायचे तर शेकडोंचे प्राण जाणार. भारतीयांनी तसे केले नाही. माणसे वाचली, पण बहुतेकांची बाजू ऐकलीच गेली नाही, आणि मनातून घरी जायचे असलेले किती जण आत दबून राहिले असतील? वडिलांना मी एवढेच सांगितले, की फौज होती म्हणून फाटकापर्यंत पळत येणारा तरी वाचत होता. त्यांचे समाधान झाले नाही. माझेही अर्धेच झाले.

पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चीनच्या धोक्याचा इशारा दिला. तो कोणी मानला नाही. १९६१ साली ते निवृत्त झाले, १९९२ साली वारले.

जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली आणि उरलेले कैदी परत सोपविण्यात आले. त्यांतले बहुतेक चिनी तैवानला गेले. ऐंशीहून थोडे अधिक जण मात्र कोणत्याच बाजूला गेले नाहीत. ते आपल्याच जवानांबरोबर जहाजात बसून भारतात आले.