तुर्की जखमींचे हिंदी डॉक्टर
डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचा जन्म 1880 साली गाझीपूर जिल्ह्यातील युसुफपूरचा. मद्रास आणि एडिंबरा येथे ते वैद्यकशास्त्र शिकले. लंडनच्या रुग्णालयांत काम करून परतल्यावर त्यांनी दिल्लीत दवाखाना थाटला.

1912 मध्ये बाल्कन युद्ध पेटले आणि तुर्कस्तानातील इस्पितळे जखमींनी भरून गेली. मौलाना मोहम्मद अली यांच्या ‘कॉम्रेड’ साप्ताहिकाने मदतीची हाक दिली. देशभरातून वर्गणी जमली. पण जखमींना पैशाइतकीच गरज शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांची होती. अन्सारी साहेब चालता दवाखाना सोडून वैद्यकीय पथकासह डिसेंबरमध्ये मुंबईहून जहाजाने निघाले. सोबत अलीगढचे तरुणही होते. त्यांतले पेशावरचे अब्दुर रहमान पुढे तुर्कस्तानातच राहिले. पथक 1913 मध्ये परतले.

पुढे 1927 साली अन्सारी साहेब काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जामिया मिल्लिया इस्लामियाच्या संस्थापकांपैकी ते एक. 1936 साली त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर जामियाच्याच परिसरात आहे.

रमजानात आपण जकात आणि सदक्याचा हिशेब करतो. अन्सारी साहेबांनी आपल्या हुनराचाही वाटा काढला होता.