फॅरेडे यांची फसलेली काच

लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, शालेय शिक्षण जेमतेम, गणित त्याहून कमी. तरीही १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधून काढणारे मायकेल फॅरेडे १८३९च्या अखेरीस आजारी पडले. भोवळ येई, आठवण दगा देई. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि पुढची काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या प्रयोगशाळेत ते पुन्हा रमले, ते १८४५ मध्ये. चुंबक आणि प्रकाश यांचे काही नाते असणारच, ही त्यांची जुनी खात्री होती. दिव्याचा प्रकाश काचेवरून परावर्तित करून त्यांनी तो ध्रुवित केला, म्हणजे त्याची कंपने एकाच प्रतलात आणली. डोळ्यापुढचा निकोल लोलक असा फिरवला, की दिव्याची प्रतिमा नाहीशी व्हावी. मग वाटेत निरनिराळे पदार्थ ठेवून शेजारचा विद्युतचुंबक सुरू केला. हवा झाली, साध्या काचा झाल्या, अंधार तसाच.

१३ सप्टेंबर रोजी त्यांनी स्वतःच बनवलेला एक जड काचेचा तुकडा ठेवला. १८२०च्या दशकात रॉयल सोसायटीसाठी दुर्बिणीची काच बनवण्याच्या खटपटीत शिसे, सिलिका आणि बोरिक आम्लापासून ती तयार झाली होती. भट्टीपुढे वर्षे गेली, पण त्या काचेने दुर्बिणींचे काही भले झाले नाही. (असा तुकडा आज एखाद्या प्रयोगशाळेच्या कपाटात वीस वर्षे टिकेल का, शंकाच आहे.) या वेळी मात्र विद्युतप्रवाह सुरू होताच प्रतिमा उजळली, बंद करताच विझली. चुंबकीय क्षेत्राने प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल फिरवले होते. यालाच आज फॅरेडे परिणाम म्हणतात.

१८५६ मध्ये ते सोन्याकडे वळले. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी माणकासारखा लाल द्रव मिळवला. दिसायला तो स्वच्छ होता, पण त्यात प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट उजळून दिसे. त्यात डोळ्यांना न दिसणारे सुवर्णकण तरंगत असले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. आज आपण त्यांना नॅनोकण म्हणतो. त्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत.

फॅरेडे यांचे हे दोन्ही धागे जिथे जुळतात, तो द्रव त्यांनी पाहिला नाही. १९६३ मध्ये नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी वजनरहित अवस्थेत इंधन चुंबकाने ओढता यावे म्हणून चुंबकीय द्रव बनवला. अशा द्रवांत साधारण १० नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटसारखे कण असतात. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर लेप असतो. चुंबक दूर असताना ते वाटेल तसे भटकतात. चुंबक जवळ आला, की ते क्षेत्राच्या दिशेने वळतात, पुरेशा प्रबळ क्षेत्रात साखळ्याही धरतात. मग साखळीला समांतर आणि आडवी कंपने असलेला प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो, वेगवेगळ्या प्रमाणात शोषला जातो. पलीकडे किती प्रकाश पोहोचेल, ते चुंबक ठरवू लागतो. क्षेत्र प्रकाशाच्याच दिशेने असेल तर ध्रुवण-प्रतल फिरते, जड काचेत फिरले होते तसेच.

पुढे फॅरेडे यांची स्मृती आणखी क्षीण झाली. प्रत्येक प्रयोग क्रमांक घालून वहीत लिहिण्याची सवय तेवढी कामी आली. १२ मार्च १८६२ रोजी त्यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ज्योत ठेवून तिचा वर्णपट तपासला. काहीच बदल दिसला नाही. तो त्यांचा अखेरचा प्रयोग. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. १८९६ मध्ये पीटर झीमन यांनी अधिक सूक्ष्म उपकरणाने तोच बदल पाहिला आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.