भारतीय सर्कशीचे आद्य प्रवर्तक : विष्णुपंत छत्रे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे ठाकतात. गोटमारीचा तो दिवस या परिसरातील प्रत्येकाच्या स्मरणात असतो. जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनासाठी सौंसरकडे लोटणारी गर्दीही आपल्या परिचयाची आहे. आमच्या पिढीच्या मनात मात्र यात्रा म्हटले की देवदर्शनाच्या जोडीने आणखी एक चित्र उभे राहते. कापडी कनातींचा प्रचंड तंबू, रात्री आकाशात फिरणारा प्रकाशझोत, बँडचे कर्कश सूर आणि लाकडी फळ्यांच्या उतरंडीवर दाटीवाटीने बसलेली माणसे, असे ते चित्र असते. यात्रा आजही भरतात. परंतु तंबू क्वचितच दिसतो. वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त गतकाळाचे स्मरण करीत असताना, ज्या मराठी पुरुषाने हा तंबू या देशात प्रथम उभारला, त्या कै. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचे चरित्र थोडक्यात सांगणे अनाठायी होणार नाही.

विष्णुपंतांचे मूळ गाव कृष्णाकाठचे अंकलखोप. ते आज सांगली जिल्ह्यात मोडते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या अखेरीस जन्मलेल्या या ब्राह्मण मुलाला दोन गोष्टींचे विलक्षण वेड होते. एक गाणे आणि दुसरे घोडे. या वेडापायी ते ग्वाल्हेरला पोहोचले. शिंद्यांची ती राजधानी त्या काळी ख्यालगायनाचे माहेरघर होती. तेथे हद्दूखाँसारख्या थोर गवयाकडून त्यांनी गाण्याची तालीम घेतली. परंतु त्यांची खरी प्रतिष्ठा झाली ती अश्वविद्येत. पुढे कुरुंदवाड संस्थानात पटवर्धनांच्या पागेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. घोड्याला धाकात ठेवणारे लोक पुष्कळ असतात. त्याचा स्वभाव ओळखून त्याला शिकवणारे थोडे, आणि विष्णुपंत त्या थोड्यांपैकी होते.

घोड्यांच्या या जाणकाराकडून सर्कस जन्माला यावी, यात नवल नाही. आधुनिक सर्कशीचा उगमच मुळी घोडेस्वारीत आहे. लंडनमध्ये १७६८ च्या सुमारास फिलिप ॲस्टली या माजी घोडेस्वार सैनिकाने वर्तुळाकार रिंगणात कसरती दाखविण्यास आरंभ केला. घोडा एका गतीने गोल धावू लागला की स्वार आतल्या बाजूला किंचित झुकून त्याच्या पाठीवर उभा राहू शकतो, हे त्यामागचे रहस्य. सुमारे बेचाळीस फूट व्यासाचे ते रिंगण पुढे जगभर सर्कशीचे प्रमाण ठरले. वाघ, सिंह आणि हत्ती त्यानंतर आले.

१८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली. कुरुंदवाडच्या अधिपतींसमवेत विष्णुपंत तो खेळ पाहावयास गेले. त्या प्रसंगी हिंदुस्थानात अशी सर्कस निर्माण व्हावयास अजून पुष्कळ काळ जावा लागेल, अशा आशयाचे उद्गार किआरिनीने काढले आणि ते विष्णुपंतांच्या जिव्हारी लागले, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. तिच्यात कथाकारांनी रंग भरला असेलही. एवढे मात्र निश्चित, की काही महिन्यांतच, २० मार्च १८८० रोजी, मुंबईत निवडक प्रेक्षकांसमोर विष्णुपंतांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला प्रयोग झाला. भारतीयाने उभारलेली ही पहिली आधुनिक सर्कस होय. घोड्यांच्या कसरती ते स्वतः करीत, आणि त्यांच्या पत्नी झुल्यावरील खेळांत व जनावरांच्या खेळांत भाग घेत, असे सांगतात. त्या काळातील ब्राह्मण कुटुंबाच्या दृष्टीने हे धाडस किती मोठे होते, हे वेगळे सांगावयास नको.

त्यानंतर ही सर्कस उत्तर हिंदुस्थानात आणि दक्षिणेत फिरली, सिंहलद्वीपास गेली आणि आग्नेय आशियातील शहरांतही पोहोचली. हा फिरता संसार चालविताना विष्णुपंतांचे गाण्याचे वेड सुटले नाही. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ पितृनिधनानंतर व्यसनाच्या आहारी जाऊन परागंदा झाले होते. बनारसमध्ये अत्यंत विपन्नावस्थेत ते विष्णुपंतांच्या दृष्टीस पडले, असे संगीतक्षेत्रात सांगितले जाते. विष्णुपंतांनी आपल्या गुरुपुत्राला सर्कशीत आणले, त्याचा सांभाळ केला आणि त्याच्या गाण्याच्या मैफली घडवून आणल्या. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनीही हा भार निष्ठेने वाहिला. भूगंधर्व म्हणून गौरविले गेलेले रहिमतखाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडला निवर्तले. त्यांच्या गायकीचा प्रभाव अब्दुल करीमखाँसारख्या श्रेष्ठ गवयावर पडला, आणि त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. वाघसिंहांच्या पिंजऱ्यांशेजारी एका थोर गायकाला आसरा मिळावा, ही घटना विष्णुपंतांच्या मनाचा मोठेपणा दाखविते.

परंतु विष्णुपंतांच्या आयुष्यातील सर्वांत दूरगामी प्रसंग मला वेगळाच वाटतो. १८८८ च्या सुमारास त्यांची सर्कस मलबारात तलश्शेरी येथे गेली. तेथील मिशन शाळेत कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. कळरीपयट्टू या केरळी युद्धविद्येत ते निपुण होते. विष्णुपंतांनी त्यांच्यातील गुण ओळखले आणि सर्कशीसाठी कलावंत तयार करण्याविषयी त्यांना सुचविले. कुन्हीकण्णन यांनी ही सूचना आयुष्यभराचे व्रत मानले. १९०१ मध्ये त्यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीची शाळाच काढली. त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी १९०४ मध्ये ग्रँड मलबार सर्कस सुरू केली. १९५१ मध्ये जेमिनी सर्कस उभारणारे एम. व्ही. शंकरन हेदेखील बालपणी याच गुरूच्या हाताखाली शिकले होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णुपंतांचे निधन झाले. महाराष्ट्रात कार्लेकर, देवल यांच्या सर्कशी नावारूपास आल्या. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघसिंहांना शिकवीत अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोहोचले. तथापि पुढील काळात भारतीय सर्कशीचे केंद्र कृष्णाकाठाहून तलश्शेरीला सरकले. याचे कारण मला स्पष्ट दिसते. आपल्याकडे सर्कस कर्तबगार मालकाच्या अंगावर उभी होती, आणि मालक थकला की तंबूही खाली येई. तलश्शेरीला शाळा होती. गुरू गेला तरी विद्या राहिली. आरंभाचा मान मराठी माणसाकडे आला आणि परंपरा टिकविण्याचे श्रेय मलबारी माणसाकडे गेले. मात्र त्या परंपरेचे बीजही विष्णुपंतांनीच पेरले होते, याचे समाधान आपण अवश्य मानावे.

आज सर्कस ओसरली आहे. दूरचित्रवाणी घरोघरी आली, मोकळी मैदाने आक्रसली, तंबूचा आणि वाहतुकीचा खर्च पेलेनासा झाला. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वले, माकडे आणि बिबटे यांच्या खेळांवर बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. लहान मुलांना सर्कशीत कामास लावण्यासही २०११ मध्ये न्यायालयाने मनाई केली. जुन्या सर्कशीच्या आठवणीने हळहळताना हे विसरता कामा नये, की त्या झगमगाटामागे पिंजऱ्यातील जनावरांचे हाल होते आणि कोवळ्या मुलांचे हरवलेले बालपणही होते. या बंद्यांविषयी खंत करावी, असे मला वाटत नाही. खंत आहे ती निराळीच. सौंसरवरून धावणारी छोट्या रुळांची गाडी २०१५ मध्ये थांबली, तेव्हा तिची छायाचित्रे तरी पुष्कळांनी जपून ठेवली. यात्रेतल्या तंबूंत ज्यांनी देह झिजविले, त्या झुलेवाल्यांची, विदूषकांची आणि वादकांची नावेही आपण टिपून ठेवली नाहीत.

तंबू एका रात्रीत उतरतो आणि सकाळी मैदानात केवळ खुंट्यांच्या खळग्या उरतात. वाचनालयाचे तसे नसते. पोटापाण्यासाठी माणसे नागपूरला गेली, १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी येथील मराठी पुस्तकांची कपाटे उघडी राहिली, कारण हे काम कोणा एकाचे नव्हते. एका पिढीने ते दुसरीच्या हाती दिले. विष्णुपंतांच्या चरित्राचा बोधही हाच आहे. ज्यांनी आपल्या यात्रांतील खेळ पाहिले, अशी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेऊन या कपाटांत ठेवण्याचे काम वाचनालयाने दुसऱ्या शतकाच्या आरंभीच हाती घ्यावे. भारतीय सर्कशीच्या त्या आद्य प्रवर्तकाला आपल्या भागाने वाहिलेली ती उचित आदरांजली ठरेल.