एमिल पोस्ट : पुनर्लेखनाचा गणिती

पाणिनीच्या व्याकरणात ‘इ’पुढे असवर्ण स्वर आला असता तिच्या स्थानी ‘य्’ हा आदेश होतो; ‘दधि अत्र’चे ‘दध्यत्र’ होते. एका अंशाच्या स्थानी नियमाने दुसरा अंश ठेवण्याच्या या क्रियेची शक्ती किती आणि सीमा कोणती, याचा गणिती शोध घेणाऱ्यांत एमिल लिऑन पोस्ट हे अग्रणी होत.

तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आज पोलंडमध्ये असलेल्या ऑगुस्तुव्ह गावी ११ फेब्रुवारी १८९७ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९०४ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. बालपणी अपघातात त्यांचा डावा हात गेला आणि खगोलशास्त्राची आवड मागे पडली. १९२० साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर लवकरच त्यांना दिसून आले की, नियमबद्ध चिन्हव्यवस्थेतील काही प्रश्नांना सार्वत्रिक निर्णयपद्धती असूच शकत नाही. परंतु मनोविकाराने त्यांना गाठले आणि ते काम अप्रकाशित राहिले. १९३१ साली गेडेल यांचा सिद्धांत प्रसिद्ध झाला व श्रेय त्यांच्याकडे गेले. पोस्ट यांचा वृत्तांत छापला गेला तो १९६५ साली. १९३५ पासून त्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अध्यापन केले. आजार बळावू नये म्हणून संशोधनाला ते दिवसाचे मोजकेच तास देत.

१९४३ साली त्यांनी पुनर्लेखन-नियमांची व्यवस्था मांडली. पुढे चॉम्स्की यांच्या व्याकरणविचाराला तिचा आधार मिळाला. नॉर्वेचे गणिती आक्सेल थू यांनी १९१४ साली विचारले होते : दिलेल्या नियमांनी एका अक्षरमालेची दुसरी होईल की नाही, हे नेहमी ठरविता येईल काय? १९४७ साली पोस्ट यांनी, आणि स्वतंत्रपणे रशियाच्या मार्कोव्ह यांनी, याचे उत्तर नकारार्थी असल्याचे सिद्ध केले. २१ एप्रिल १९५४ रोजी पोस्ट निवर्तले.

पुढे १९६९ च्या सुमारास हीच कल्पना अक्षरमालेवरून जालाकृतींवर आली. या आलेख-व्याकरणात नियमाच्या डाव्या बाजूसारखा भाग जालात शोधून काढावयाचा व तेथे उजवी बाजू बसवावयाची. अक्षराला शेजारी दोनच. जालातील बिंदूला कितीही. म्हणून तुटलेले धागे नव्या भागाला कसे जोडावयाचे, हेही नियमाला सांगावे लागते. मात्र अक्षरमाला हे सरळ रेषेतील जालच असल्याने पोस्ट यांनी दाखविलेली सीमा येथेही लागू होते : नियम पूर्णपणे ज्ञात असूनही त्यांतून काय निपजेल, हे दर वेळी आधी सांगता येत नाही.