सर सय्यद आणि बायबल

सर सय्यद अहमद खान (१८१७–१८९८) म्हटले की तुम्हांला अलीगढ आठवते. पण तेथे शाळा काढण्याआधी त्यांनी एक वेगळेच काम हाती घेतले होते.

तेव्हा ते न्यायखात्यात नोकरीला होते. पाद्री आणि मौलवी यांचे जाहीर वाद चालत. ते एकमेकांचे ग्रंथ वाचत, पण बहुधा खोडून काढण्यासाठी! १८५७ नंतर तर मने फारच दुरावली. अशा वेळी सर सय्यद यांनी बायबल समजून घ्यायचे ठरवले. त्यासाठी ते हिब्रू शिकू लागले. स्वखर्चाने छापखाना आणला. १८६२ साली गाझीपूरला ‘तब्यीनुल कलाम’ या भाष्याचा, म्हणजे तफसीरचा, पहिला भाग निघाला. त्यात उर्दू आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला होता.

तौरात व इंजील यांतील शब्द मुद्दाम बदललेले नाहीत, चूक झाली ती मुख्यतः अर्थ लावण्यात, असे त्यांचे मत होते. अनेक उलेमांना ते रुचले नाही. हजरत ईसा यांना सर सय्यद पैगंबरच मानत, तेव्हा पाद्र्यांचेही समाधान होणे कठीणच होते.

हे भाष्य अपुरे राहिले. पुढे त्यांनी कुरआनची तफसीर लिहायला घेतली. १८९८ साली ते वारले, तेव्हा तीही पुरी झाली नव्हती.