रेव्हरंड टिळक आणि शुभवर्तमान



ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी तुम्ही बायबल पाहिले असेल. त्यात येशूच्या चरित्राचे चार ग्रंथ आहेत. त्यांना शुभवर्तमान म्हणतात. शुभवर्तमान म्हणजे आनंदाची वार्ता. देव येशूच्या रूपाने माणसाकडे आला आणि येशूच्या क्रूसावरील मरणाने व पुनरुत्थानाने पापक्षमा मिळाली, ही ती वार्ता. ती वगळली तर ख्रिस्ती धर्मात केवळ प्रार्थनामंदिरे आणि सण उरतील. हे ओळखून जगलेले कवी नारायण वामन टिळक अखेरच्या काळात आपल्या साताऱ्यात राहत होते.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ साली आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचावयास दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. सोवळेओवळे एका दिवसात सुटत नाही. लक्ष्मीबाईंनी ते हळूहळू टाकले आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. शुभवर्तमान मराठी माणसाला परके वाटू नये म्हणून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांचा आश्रय घेतला. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे सर्व येशूभक्त त्यात बंधू म्हणून यावेत, ही त्यांची इच्छा. संस्थेपेक्षा वार्ता मोठी, हे त्यांनी कृतीने सांगितले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

वाचकहो, आपला मार्ग निराळा आहे. तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नाहीत. आपल्याला कोणी पापक्षमा देणार नाही. शील आपणच पाळावयाचे आहे. तरीही टिळकांचे चरित्र आपल्याला एक प्रश्न विचारते. दीक्षेने आपले केवळ नाव बदलले की घरही बदलले? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ फडताळात हार घालून ठेवला आहे, की रात्री मुलांना जवळ घेऊन वाचला जातो? उत्तर आपल्या घरातच शोधा.